बुरूज ओबडधोबड, सांधा सुतासारखा सरळ

रणगाड्याचा हा बुरूज बघा. ओतीव पोलाद, साच्यातून निघालं तसंच, खडबडीत. आता कॅमेरा खाली येऊ द्या. अंगाच्या बाजूचा हा वेल्डिंगचा सांधा, एका दमात ओढल्यासारखा. टी-34 या सोव्हिएत रणगाड्याच्या लढाया अनेकांना पाठ आहेत. आम्हाला सांगायचंय ते तो घडवणाऱ्या हातांबद्दल.

मिखाईल कोश्किन. कोवळ्या वयात मिठाईच्या कारखान्यात कामाला लागले, पुढे शिकून इंजिनिअर झाले. खार्किवच्या 183 क्रमांकाच्या कारखान्यात नव्या रणगाड्याचं काम त्यांच्याकडे आलं. सैन्याला हवा होता पट्टे उतरवून चाकांवरही धावणारा रणगाडा. कोश्किन अडून बसले: चाकांची भानगड काढा, ते वजन चिलखताला द्या.

त्यांच्या हट्टाचं फळ ही पुढची प्लेट. जाडी फक्त 45 मिलिमीटर. पण ती उभ्या रेषेपासून 60 अंश मागे कललेली. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला 90 मिलिमीटर पोलाद भेदावं लागतं. मागे 500 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. खाली चिखलात न रुतणारे रुंद पट्टे.

मार्च 1940. दोन नमुने तयार होते, पण चाचणीचे ठरलेले किलोमीटर भरले नव्हते. मग रेल्वेवर न चढवता ते चालवतच मॉस्कोला नेले. बर्फातून सुमारे 750 किलोमीटर, कोश्किन सोबत. 17 मार्चला क्रेमलिनमध्ये स्टालिननं ते पाहिले. येतानाही कोश्किन रणगाड्यांबरोबरच होते. थंडी बाधली, न्यूमोनिया झाला. 26 सप्टेंबरला ते गेले. वय 41. आपला रणगाडा लढताना त्यांनी पाहिलाच नाही.

1941 च्या शरदात जर्मन फौजा खार्किवच्या वेशीवर आल्या. यंत्रं, आराखडे, माणसं आगगाडीत भरून उरलमधल्या निझनी तागीलला निघाली. डिसेंबरात तिथून टी-34 बाहेर पडू लागले! सत्तरी ओलांडलेले, मूळचे पुलांचे इंजिनिअर येव्हगेनी पातोन कीव्हहून तिथंच आले होते. त्यांचं वेल्डिंगचं यंत्र फ्लक्सच्या, म्हणजे वितळत्या सांध्याला हवेपासून जपणाऱ्या भुकटीखाली आपोआप सांधा ओढत जायचं. कसबी वेल्डर कमी, म्हणून यंत्रावर बायका आणि मिसरूडही न फुटलेली पोरं. मघाशी पाहिलेला सांधा तसा आहे.

ऑक्टोबर 1941 मध्ये मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या म्त्सेन्स्क गावाजवळ सोव्हिएत अधिकारी कातुकोव यांच्या ब्रिगेडनं याच रणगाड्यांनिशी जर्मनांना रोखून धरलं. उणिवा होत्याच: बुरुजात दोघंच, कमांडरच तोफ डागायचा, कित्येकांत रेडिओ नव्हता. 1944 मध्ये 85 मिलिमीटरची तोफ आणि बुरुजात तिसरा माणूस आला. तिथून बर्लिनपर्यंत. युद्धभरात सोव्हिएत सैन्यानं सुमारे 45 हजार मध्यम रणगाडे गमावले, त्यांत बहुतेक हेच.

आता चालकाचं झाकण. पुढच्याच प्लेटमध्ये कापलेलं, जेमतेम एक माणूस मावेल एवढं.