फेस उतू जातो तेव्हा

रात्रीचे 2 वाजलेत, हा आवाज ऐका जरा. गुब गुब गुब गुब. घरी बिअर आंबायला ठेवलीये, त्या भांड्याच्या, म्हणजे फर्मेंटरच्या, तोंडावर एअरलॉक आहे, पाणी भरलेली छोटी नळी, जी गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही. तिच्यातून गॅस बाहेर पडतोय त्याचा आवाज आहे हा. संध्याकाळी दहा-बारा सेकंदांनी एखादा बुडबुडा यायचा, आता मोजायला गेलं तर मोजताच येत नाही, सलग सुरू आहे. आणि हे बघा, एअरलॉकमध्ये जिथे स्वच्छ पाणी होतं तिथे तपकिरी फेस चढलाय आणि त्याच्यासोबत हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, बारीक हिरवे कण. हे कण बघितले की मी झोपायला जात नाही.

कारण माझ्या अगदी पहिल्या बॅचला मी झोपायला गेलो होतो. पहाटे धाड्कन आवाज आला, उठून बघतो तर झाकण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, छतावर फेस, भिंतीवरून चिकट ओघळ, आणि फर्मेंटरच्या तोंडातून अजून फेस येतोच आहे. मला वाटलं संपलं, बिअर खराब झाली, आणि मी अख्खी 20 लिटर मोरीत ओतून दिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती बिअर खराब झालेलीच नव्हती. आतलं यीस्ट त्याचं काम मन लावून करत होतं, त्याला वाट तेवढी मिळाली नव्हती.

तर आत चाललंय काय ते बघू. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून जो गोड द्रव मिळतो, ज्याला वर्ट म्हणतात, त्यातली साखर यीस्ट खातं, आणि साखरेच्या वजनाचं साधारण निम्मं अल्कोहोल आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो. निम्मा म्हणजे किती, याचा अंदाज पहिल्यांदा कुणालाच येत नाही. मध्यम ताकदीची 20 लिटर बिअर आंबताना एकूण जवळजवळ 400 लिटर गॅस सोडते, आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन-तीन दिवसांतच. एवढा सगळा गॅस एअरलॉकच्या त्या बारक्या नळीतून जायचा असतो. नुसता गॅस असता तर गेलाही असता हो, पण माल्टमधली प्रोटीन्स आणि हॉप्समधले कडू पदार्थ मिळून त्या बुडबुड्यांना घट्ट धरून ठेवतात, त्याचा जाड फेस होतो, त्याला क्राउझेन म्हणतात, जर्मन शब्द आहे. हा फेस वर चढला, हॉप्सचा चोथा नळीत अडकला, की भांडं बंद. गॅस मात्र थांबत नाही.

भांडं प्लॅस्टिकचं असेल तर झाकण फुगतं आणि उडतं. काचेचं असेल तर मात्र खरी भीती आहे, काच दाबाने फुटली तर तुकडे अंगावर येतात, म्हणून काचेच्या बरणीचा एअरलॉक तुंबलेला दिसला तर तिच्यावर वाकून बघायचं नाही. कधीच नाही.

आता हे कधी होतं आणि कधी होत नाही? सगळ्यात साधं कारण म्हणजे वर जागाच ठेवलेली नसते. 23 लिटरच्या भांड्यात 22 लिटर वर्ट भरलं तर फेसाने जायचं कुठे? 20 लिटरच्या बॅचला 27-30 लिटरचं भांडं घ्या, म्हणजे निम्मी काळजी तिथेच मिटते. मग यीस्टची जात. गव्हाच्या बिअरची आणि बेल्जियन जातीची यीस्ट फेस उंच चढवतात, शांत बसणं त्यांना माहीतच नाही. नॉर्वेच्या शेतघरांमधून आलेलं क्वाइक तर 30 ते 40 अंशांतही मजेत काम करतं, त्यामुळे त्याचा वेग बघून घाबरायचं कारण नाही. आणि एक चूक बरेच जण करतात, मागच्या बॅचच्या तळाशी बसलेला यीस्टचा सगळाच्या सगळा गाळ तसाच ठेवून त्यावर नवीन वर्ट ओततात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट होतं ते, काही तासांतच उतू जायला लागतं.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे उष्णता. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता तयार करतं. एका बॅचमध्ये तयार होणारी सगळी उष्णता आत कोंडून ठेवली तर द्रवाचं तापमान 10 अंशांहून जास्त वाढेल, एवढी असते ती. प्रत्यक्षात ती बाहेर जात राहते, तरी ऐन जोरात असताना भांड्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा सहज 3 ते 5 अंश वर असतं. म्हणजे खोली 22 अंशांवर आहे म्हणून तुम्ही निवांत, आणि आत 26. गरम झालं की यीस्ट अजून वेगात, वेग वाढला की अजून गरम, असं ते एकमेकांना ढकलत राहतं. छतावरचा फेस पुसता येतो, पण एल नावाच्या नेहमीच्या बिअरच्या साध्या यीस्टला या गरमीत जे जड अल्कोहोल तयार होतात, घशाला जळजळणारी चव आणि सॉल्व्हंटसारखा वास, ते नंतर काढता येत नाही.

म्हणून यीस्ट टाकायच्या आधी वर्ट 17-18 अंशांपर्यंत थंड करा, गरम वर्टमध्ये यीस्ट टाकून मग थंड करत बसू नका. भांडं पाण्याच्या टबात ठेवा, पाण्यात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर ओला टी-शर्ट भांड्याला घालून पंखा लावा, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. फक्त एकदम खूप थंड करू नका, यीस्ट बावरतं आणि झोपी जातं, मग अर्धवट आंबलेली गोड बिअर हातात येते. हळूहळू, दोन-तीन अंशांनी.

समजा आत्ता या क्षणी तुमचा एअरलॉक तुंबलाय. डोळ्यांवर गॉगल, भांड्यावर जाड टॉवेल, तोंड बाजूला, आणि बूच अगदी सावकाश सैल करायचं. फुस्स करून दाब जाऊ द्या. मग एअरलॉक काढून ठेवा आणि त्या जागी रुंद नळी बसवा, ब्लो-ऑफ ट्यूब, आतून 25 मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तमच. दुसरं टोक बादलीत, सॅनिटायझरच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडलेलं, तळाला टेकलेलं नको. फेसाला खुशाल बादलीत येऊ द्या. नळी हाताशी नसेल तर सॅनिटायझर मारलेली फॉइल तोंडावर सैल झाकली तरी तेवढे दोन दिवस निघतात, कारण आतून गॅस सतत बाहेर वाहतोय, तो बाहेरचं काही सहजासहजी आत येऊ देत नाही. सिलिकॉनचे फेस मारणारे थेंबही मिळतात, तेही चालतात, पण मला नळीच आवडते.

फेसाला वाट काढून देण्याची ही युक्ती जुनीच आहे म्हणा. इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंटला 19व्या शतकात लाकडी पिंपांची रांगच्या रांग असायची, प्रत्येक पिंपातून वर वाकडी नळी, फेस त्या नळीतून वरच्या लांब पन्हळीत, यीस्ट तिथे राहायचं आणि बिअर परत खाली पिंपात. बर्टन युनियन म्हणतात त्याला. त्यातला एक जुना संच 2024 मध्ये थॉर्नब्रिज ब्रुअरीने वापरासाठी घेतला हे ऐकून मला मनापासून आनंद झाला.

गॅसबद्दल अजून एक. 1767 च्या सुमारास इंग्लिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली लीड्समध्ये एका ब्रुअरीच्या शेजारी राहायचा, आणि आंबणाऱ्या पिंपांवर जळती वस्तू धरली की ती विझते हे त्याने पाहिलं. तोच हा गॅस, हवेपेक्षा जड. त्यामुळे फर्मेंटर बंद कपाटात किंवा आडव्या फ्रीजमध्ये असेल तर त्यात डोकं घालून वास घ्यायचा नाही, खोलीची खिडकी उघडी ठेवायची.

आणि हो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं एकदम शांत झालं म्हणून बाटल्या भरायला घेऊ नका. जोर ओसरला तरी साखर शिल्लक असू शकते, तीच बाटलीत आंबली की बाटल्या फुटतात. हायड्रोमीटर लावा, म्हणजे साखर किती उरली ते द्रवाच्या घनतेवरून सांगणारं उपकरण, दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला तरच झालं. भांडं थंड करायच्या आधी नळी बादलीतून काढा, नाहीतर आतला गॅस आकसतो आणि बादलीतलं पाणी उलटं आत ओढलं जातं.

हा आमचा फर्मेंटर, पाचवा दिवस. फेस खाली बसलाय, काठावर तपकिरी कडा तेवढी राहिलीये. हायड्रोमीटरवर सुरुवातीला 1.050 होतं, आज 1.012. बादलीत तीनेक बोटं फेसाळ गाळ जमलाय, आणि बुडबुडा आता मिनिटाला एक. परवा परत मोजू.