कर्जाची पातळी
माहितीपटाचे निवेदन

(दृश्य : शिरोली औद्योगिक वसाहत. फौंड्रीची भट्टी, साच्यात ओतले जाणारे वितळलेले लोखंड, मागे नवे मोल्डिंग मशीन.)

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील या फौंड्रीतले मोल्डिंग मशीन परदेशातून आले आहे आणि त्याचे पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत. विक्रेत्याने तीन वर्षांची उधारी दिली आणि मशीन तिकडच्या बंदरात ज्या दिवशी जहाजावर चढले, त्या दिवसापासून मुदत सुरू झाली. कारखानदाराच्या खतावणीत ही इतर देण्यांसारखीच एक नोंद आहे. देशाच्या हिशेबात मात्र ती भारताच्या बाह्य कर्जात, म्हणजे इथल्या रहिवाशांनी परदेशस्थांना द्यायच्या देण्यांत, धरली जाते. मार्च २०२५ अखेर हे कर्ज ७३६.३ अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १९.१ टक्के होते.

हा आकडा वर्तमानपत्रात एका चौकटीत येतो आणि वाचणारा तो सरकारने काढलेल्या कर्जाचा आहे असे समजून चालतो. प्रत्यक्षात त्यात केंद्र आणि राज्य सरकारांचा मिळून वाटा २२.९ टक्के आहे. बँका व ठेवी स्वीकारणाऱ्या संस्थांचा वाटा २७.५ टक्के, तर बिगर-वित्तीय कंपन्यांचा, ज्यांत हा कारखानाही मोडतो, ३५.५ टक्के आहे.

(दृश्य : शाहूपुरीतील बँकेची शाखा. परकीय व्यवहार विभागाचे टेबल, कागदांची फाईल.)

कोल्हापूर हा सहकारी बँकांचा जिल्हा आहे आणि इथल्या अनेक उद्योजकांची रोजची खाती त्यांच्याकडेच असतात. परदेशी उधारीचा व्यवहार मात्र रिझर्व्ह बँकेने परकीय चलनासाठी अधिकृत केलेल्या बँकेतूनच करावा लागतो. त्यामुळे देशाच्या कर्जाचा हिशेब दिल्लीत किंवा मुंबईत सुरू होत नाही. तो अशा टेबलावर सुरू होतो, जिथे एका बाजूला विक्रेत्याचे बीजक, मध्ये जहाज कंपनीची बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, आणि वर सीमाशुल्क खात्याची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे नोंदपत्र, ठेवलेली असते. अधिकाऱ्याचे बोट ज्या रकान्यावर थांबले आहे तो रकाना माल जहाजावर चढल्याच्या तारखेचा आहे. बीजकाची तारीख वेगळी असते, माल भारतात उतरल्याची तारीख आणखी वेगळी असते. इथे चुकीची तारीख पडली तर उधारीची मुदतही चुकीची मोजली जाते.

यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी अशी उधारी जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते. कच्च्या मालासाठी ती एक वर्ष किंवा उत्पादनाचे एक चक्र, यांपैकी जे कमी असेल तेवढीच असते. बँक या व्यवहारांचा तपशील दर महिन्याला रिझर्व्ह बँकेला कळवते. कंपनीने परदेशी बँकेकडून रीतसर व्यापारी कर्ज काढले असेल तर नियम अधिक कडक आहे. आधी अर्ज, मग रिझर्व्ह बँकेचा कर्ज नोंदणी क्रमांक आणि त्यानंतरच पैशाची उचल. पुढे, २०२५ मधल्या नियमाप्रमाणे, कर्ज फिटेपर्यंत महिना संपल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत विवरणपत्र द्यायचे, त्या महिन्यात एक डॉलरही आला-गेला नसला तरी. हे विवरणपत्र भरणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याही अहवालात येत नाही, पण अहवाल उभा असतो तो त्याच्या नोंदीवर.

(दृश्य : राजारामपुरी. मुख्य रस्ता, बाजूच्या गल्ल्या, बँकेच्या शाखेत पासबुक भरून घेणारे ज्येष्ठ दाम्पत्य.)

राजारामपुरीतल्या या दाम्पत्याने कधी कर्ज काढलेले नाही. त्यांचा मुलगा दुबईला नोकरी करतो आणि दरमहा इथल्या शाखेतल्या आपल्या अनिवासी खात्यात पैसे भरतो. ही ठेव बँकेला त्याला परत द्यायची आहे, तो भारताचा रहिवासी नाही, म्हणून तीही देशाचे बाह्य कर्जच ठरते. मार्च २०२५ अखेर अनिवासी भारतीयांच्या अशा ठेवी सुमारे १६५ अब्ज डॉलर होत्या, म्हणजे एकूण बाह्य कर्जाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक.

इथे चलनाचा संबंध येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. कर्ज डॉलरमध्ये आहे की रुपयांत, यावरून ते बाह्य ठरत नाही. देणेकरी या देशाचा रहिवासी आणि घेणेकरी दुसऱ्या देशाचा, एवढीच कसोटी आहे. म्हणून रुपयांतली ही ठेवसुद्धा मोजली जाते आणि मार्च २०२५ अखेर एकूण बाह्य कर्जापैकी ३१.१ टक्के रुपयांतच होते. रहिवासी कोण, हा प्रश्नही दिसतो तितका सरळ नाही. जर्मनीत शिकायला गेलेला कोल्हापूरचा विद्यार्थी आंतरराष्ट्रीय सांख्यिकीच्या नियमांनुसार मायदेशाचाच रहिवासी राहतो. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या परिपत्रकाने मात्र परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना परकीय चलन कायद्यापुरते अनिवासी मानले आहे. बँकेकडून येणारी माहिती खात्याच्या प्रकारावरून येते, त्यामुळे त्याच्या खात्यातली शिल्लकही या ठेवींतच जाते.

(दृश्य : जुन्या छापील अहवालांची पाने, तक्ते, रकाने.)

या कसोट्या सहज ठरलेल्या नाहीत. जागतिक बँक १९५१ पासून कर्जदार देशांकडून माहिती मागवत होती, परंतु १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने हप्ते भरता येत नसल्याचे जाहीर केले तेव्हा एकाच देशाच्या कर्जाचे आकडे धनको बँकांकडे एक, देशाकडे दुसरे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांकडे तिसरे, अशी स्थिती होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि बाझलची आंतरराष्ट्रीय समझोता बँक यांनी एकत्र बसून १९८८ मध्ये समान व्याख्या दिली. पुढे २००३ मध्ये संकलकांसाठी सविस्तर मार्गदर्शिका आली आणि २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. व्याख्येचा गाभा असा, की ज्या देण्यापोटी पुढे कधीतरी मुद्दल किंवा व्याज परदेशस्थाला द्यावेच लागेल, तेच बाह्य कर्ज. म्हणून परदेशी गुंतवणूकदाराने घेतलेले शेअर यात येत नाहीत. परदेशी मूळ कंपनीने इथल्या उपकंपनीला दिलेले कर्ज मात्र येते. नुसती हमी मोजली जात नाही. परकीय चलनाची गंगाजळीही वजा केली जात नाही, कारण हा ढोबळ देण्याचा आकडा आहे.

व्याप्ती बदलली की आकडाही बदलतो. आपल्याकडे १८० दिवसांपर्यंतची विक्रेत्यांची उधारी मार्च २००५ पासून अल्पमुदतीच्या कर्जात धरली जाऊ लागली. तोवर शिरोलीत स्क्रॅप किंवा सुटे भाग अशा उधारीवर येत असतील, तरी ते देशाच्या बाह्य कर्जात दिसत नव्हते. देणे कळवलेच गेले नाही, तर तेही आकड्यात दिसत नाही. २०१६ मध्ये मोझांबिकच्या सरकारी कंपन्यांनी काढलेली एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जे उघड झाली, जी कुठल्याच आकडेवारीत नव्हती. त्या देशाची पुढे काय अवस्था झाली, हा वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे.

(दृश्य : पंचगंगा, राजाराम बंधारा, पाणीपातळीची फूटपट्टी. पुराच्या वेळचे चित्रण.)

राजाराम बंधाऱ्यावरची ही पट्टी कोल्हापूरकर पावसाळ्यात रोज पाहतात. एकोणचाळीस फुटांवर इशारा, त्रेचाळीस फुटांवर धोका. पट्टी पाण्याची पातळी सांगते, राधानगरी धरणातून सुटणारा विसर्ग हा वेगळा हिशेब असतो. बाह्य कर्जाचा आकडाही अशी पातळी आहे. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी उभे असलेले देणे तो दाखवतो. त्या तिमाहीत किती उचलले आणि किती फेडले हा विसर्ग वेगळ्या तक्त्यात असतो.

याच नदीच्या पुराला आळा घालण्यासाठी राज्याने जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला फक्त देशाच्या हद्दीतच कर्ज काढता येते. त्यामुळे परदेशी संस्थेशी कर्जाचा करार केंद्र सरकार करते आणि ते कर्ज त्याच अटींवर राज्याकडे जाते. करारावर सही झाली, बातमी आली, तरी त्या दिवशी कर्जाचा आकडा एका पैशानेही वाढत नाही. काम पुढे सरकते, खर्चाचे दावे दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या साहाय्य लेखा शाखेकडे जातात, रक्कम उचलली जाते आणि जेवढी उचल तेवढेच कर्ज नोंदवले जाते. मंजूर रक्कम आणि उचललेली रक्कम यांतले अंतर कित्येक वर्षे टिकते. शासकीय कर्जाचा हिशेब ही शाखा ठेवते, कंपन्या व बँकांचा रिझर्व्ह बँक ठेवते. तिमाहीचे तक्ते तिमाही संपल्यापासून तीन महिन्यांत जाहीर होतात.

(दृश्य : पुन्हा फौंड्री. मशीन चालू, साच्यातून निघणारे कास्टिंग.)

या मशीनची उधारी मुळात तीन वर्षांची असल्याने ती दीर्घ मुदतीत मोडते. पण शेवटच्या वर्षात तीच रक्कम बारा महिन्यांच्या आत द्यायची असते. म्हणून मुदतीची दोन मोजमापे ठेवली जातात, एक मूळ मुदतीचे आणि दुसरे उरलेल्या मुदतीचे. मार्च २०२५ अखेर मूळ मुदतीने अल्पमुदतीचे कर्ज एकूण कर्जाच्या १८.३ टक्के होते आणि उरलेल्या मुदतीने ४१.२ टक्के. दोन्ही टक्केवाऱ्या खऱ्या आहेत आणि एकाच प्रसिद्धिपत्रकात छापलेल्या आहेत. बातमीत मात्र बहुधा पहिलीच येते. १९९१ मध्ये अल्पमुदतीचे कर्ज परकीय गंगाजळीच्या दीडपटीच्या आसपास गेले होते आणि त्या वर्षी देशाने सोने गहाण टाकले.

चलनाचा परिणाम शेवटी येतो. सगळे कर्ज डॉलरमध्ये मांडले जाते, पण निम्म्याच्या आसपास देणी रुपया, येन, युरो किंवा नाणेनिधीच्या विशेष उचल हक्कांत, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबाच्या एककात, असतात. डॉलर वधारला की राजारामपुरीतली तीच रुपयांतली ठेव डॉलरमध्ये कमी दिसते, कोणी एक रुपयाही काढलेला नसताना. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात बाह्य कर्ज ६७.५ अब्ज डॉलरने वाढले. डॉलरच्या वधारण्याचा हा परिणाम बाजूला काढला असता तर वाढ ७२.९ अब्ज डॉलर दिसली असती.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन वर्षांची प्रसिद्धिपत्रके.)

मार्च २०२४ अखेरचे बाह्य कर्ज आधी ६६३.८ अब्ज डॉलर म्हणून जाहीर झाले होते. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्याच तारखेपुढे ६६८.८ अब्ज डॉलर असा आकडा आहे. पहिला आकडा खोटा नव्हता, तोपर्यंत हाती आलेल्या विवरणपत्रांचा होता. उशिरा आलेल्या आणि दुरुस्त झालेल्या नोंदी नंतर जोडल्या गेल्या. जे देश असा फरक छापतच नाहीत, त्यांच्या आकड्यावर अधिक संशय घ्यावा. या पडद्यावर एका बाजूचा रकाना आधीच्या वर्षाचा आहे, दुसऱ्या बाजूचा नंतरच्या वर्षाचा, आणि त्यांत कोल्हापूर कुठेही वेगळे दिसत नाही.