हा कायदा आपला की इथला?

(लंडन परिसरातील मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. वड्यांचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा फार ताणत नाही.

रविवारच्या मराठी वर्गात नुकताच रखमाबाईंचा विषय निघाला, लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, हा १८८७ चा हुकूम ऐकून एका मुलीने विचारलं, "हा कायदा आपला होता की इथला?" मोठ्यांनी घाईघाईने सांगून टाकलं, "आपलाच, जुन्या काळचा."

तसं नाही हो. नांदायला येण्याचा दावा हा मुळात इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांतला. १८८५ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती पिन्ही यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं आणि रखमाबाईंच्या नवऱ्याचा, दादाजींचा, दावा फेटाळला. असा दावा हिंदू कायद्यात नाही. आणि इंग्लंडातही तो एकत्र राहून वेगळ्या झालेल्या जोडप्यांसाठी आहे, अकराव्या वर्षी लग्न लावलेल्या आणि कधीच न नांदलेल्या मुलीसाठी नाही. अपिलात हा निकाल फिरला. मग दिवाणी संहितेच्या कलम २६० चा आधार होताच: हुकूम मोडला तर जप्ती किंवा तुरुंग.

आता गंमत बघा. इंग्लंडातला तुरुंग तोवर गेलेला होता! जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईंनी हाच दावा उलटा लावला, नवऱ्यावर. हुकूम मिळवला, नवरा ऐकेना. तुरुंगाची पाळी पुरुषावर आली आणि पार्लमेंटला जाग आली. १८८४ च्या कायद्याने कैद रद्द झाली. हुकूम न पाळणं म्हणजे जोडीदाराला टाकून देणं, एवढंच धरायचं ठरलं. हीच कैद तीन वर्षांनी मुंबईत रखमाबाईंसमोर उभी होती. त्या मुलीचा प्रश्न साधा नव्हता.

म्हणजे इंग्रज बायकांचं सगळं छान चाललं होतं असंही नाही. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवता आली ती १८८२ च्या कायद्याने. बायकोला घरात कोंडून ठेवायचा नवऱ्याला हक्क नाही, हे ठरायला १८९१ उजाडलं. क्लिथरोच्या एमिली जॅक्सनला नवऱ्याने चर्चबाहेरून पळवून नेलं, तेव्हा.

रखमाबाईंच्या पाठीशी मुंबईत उभ्या राहिल्या त्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची. एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्रात पहिल्या येऊनही, बाई म्हणून शिष्यवृत्ती नाकारलेल्या. त्यांना वेगळं समजवावं लागलं नसणार. १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि पुढच्या वर्षी रखमाबाई इथे, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. आपण ब्लूम्सबरीत म्युझियम बघतो, फोटो काढतो, पण त्या विद्यालयाच्या हंटर स्ट्रीटवर कोणाचे पाय वळतात?

सुधारकांवर आपलं प्रेम फार, मार्चमधल्या महिला दिनापुरतं. फलकावर रखमाबाई असतात, आणि आजच्या स्वयंपाकाची यादी वाचून बघा. त्यात एकाही पुरुषाचं नाव नाही. माझंही नाही.

इंग्लंडने १९७० मध्ये हा दावाच रद्द केला. आपल्याकडे मात्र तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये जिवंत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैधही ठरवलाय. आता तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हुकूम झाल्यावर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर दोघांपैकी कोणालाही त्यावर घटस्फोट मागता येतो. म्हणून पुष्कळदा हा दावा लावणाऱ्याला बायको परत नकोच असते, पुढची पायरी हवी असते.

घर मोडतं इथे, आणि नोटीस निघते पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून. बाई म्हणते, तिकडचं कोर्ट, इथे काय करणार? कागद कपाटात जातो. ती हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागतो. दुसरीकडे इथल्या कोर्टातला अर्ज तिने वेळेत केलेला नसतो. अशी एखादी आपल्यातलीच उद्या कार्यकारिणीकडे आली, तर तिच्या हातात द्यायला आपल्याकडे दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या वकिलाचा नंबर आहे का? गणपतीच्या हॉलचं भाडं दर बैठकीत निघतं. हा विषय अजून एकदाही निघालेला नाही.