मेंढा (लेखा): आधी बैठक, मग बांबू

(पहाट. गावाची पाटी.)

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की मेंढा (लेखा) येतं. शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव. पाटीवर लिहिलंय: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

(बांबूतोड.)

घाव कुठे बसतोय ते बघा. जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या जरा पुढे. पाणी साचून बुंधा कुजू नये म्हणून. तोडायचा तो जुना बांबू. कोवळ्या वासत्यांना, म्हणजे नव्या कोंबांना, हात लावायचा नाही. रांजी, म्हणजे बांबूचं बेट, पुढच्या वर्षीही उभी राहिली पाहिजे. हे नियम गावानं बसून ठरवलेत.

(ग्रामसभा.)

ही ती बैठक. इथे हात वर करून मतं मोजत नाहीत. एकाचाही विरोध असला तर निर्णय होत नाही, बोलणं पुन्हा सुरू. वेळ लागतो, फार लागतो. पण ठरलेलं मोडायला मग कुणी उरत नाही. त्याआधी अभ्यास गट बसतो. कायदा वाचायचा, खल करायचा, गरज पडली तर बाहेरचा जाणकार बोलवायचा. ठरवायचं मात्र सभेनंच. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे साथी, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं नेटानं जपली.

(परवान्याचं पुस्तक, जवळून.)

हे पुस्तक मिळायला गाव झगडलं. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे लाकूड नव्हे, गावानं गोळा करून विकायचं जंगलाचं उत्पन्न. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणार वनखातं. १९२७च्या जुन्या कायद्यात बांबू झाडांत मोजलेला, त्यावर बोट ठेवून गावाला अडवलं जायचं. गाव हटलं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः इथे आले, आणि पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आता परवान्यावर सही गावाची.

बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात जातो. २०१३मध्ये गावानं ग्रामदानही केलं, म्हणजे आपली जमीन ग्रामसभेच्या नावे केली.

(पुन्हा सभा. ऊन कललंय.)

मागच्या रांगेतल्या आजींना अजून पटलेलं नाही. विषय पुढच्या बैठकीला.