खोक्यावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या माळ्यावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा टेपरेकॉर्डर किंवा कॉम्प्युटरचे जुने स्पीकर पडून आहेत, त्यांनी सवड मिळाली की ते खाली काढून बघावेत. पुढच्या जाळीवर चमकत्या अक्षरांत लिहिलेलं असेल, ‘पीएमपीओ १००० वॅट’. आता त्याचा अडॅप्टर शोधा. तिथे बारीक अक्षरांत सापडेल, १२ व्होल्ट, १ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे आपण शाळेत शिकलोय. म्हणजे आत जातात बारा वॅट, आणि बाहेर पडतात म्हणे हजार! हजार वॅटची तर इस्त्री असते.

पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. तो मोजायचा कसा, याचा सर्वांनी मानलेला असा नियमच नव्हता. क्षणभराचा कमाल झटका धरायचा, तोही कागदावरचा, आणि मग मनाला येईल तसं गुणत जायचं. स्पीकर सतत किती ताकदीने वाजू शकेल हे आरएमएस वॅटवरून कळायचं, पण तो आकडा शोधावा लागायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुटे भाग विकणाऱ्या जाणत्या दुकानदाराला पीएमपीओ विचारलं, तर तो नुसता हसायचा.

पीएमपीओ आता जवळपास हद्दपार झालं. वृत्ती मात्र जागेवर आहे. माझं मत सरळ सांगतो. खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते मोजायला सोपं आणि वाढवायला स्वस्त असतं. चित्र आणि आवाज चांगला की वाईट, हे बहुतेक वेळा खोक्यावर न छापलेल्या गोष्टी ठरवतात.

फोनचंच बघा. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणून जो फोन घेतला जातो, तो एरवी नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो काढतो. आणि ते बरोबरच आहे, कारण एवढ्याशा सेन्सरवरच्या एवढ्याशा ठिपक्यात उजेड पडून पडून पडणार किती? मग तो फोटो आपण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवतो, तिथे तो आणखी चेपला जातो, आणि मावशी तो बघतात हाताएवढ्या पडद्यावर. किंवा ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ घ्या. त्यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ म्हणजे साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले, आणि ती जागा रॅमच्या मानाने फारच संथ. यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण मला बोलायचंय ते टीव्हीबद्दल.

फोर-के टीव्ही म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, सुमारे ८३ लाख. त्याआधीच्या फुल एचडीत साधारण २१ लाख होते, म्हणजे चौपट झाले. हा आकडा खरा आहे, त्यात फसवणूक नाही. पण ठिपके ही झाली कपाटातली जागा, आत माल किती येतो ते बघायला नको का?

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. काहीही न कापता ८३ लाख ठिपक्यांची २४ चित्रं पाठवायची म्हटली, तर सेकंदाला पावणेपाच अब्ज बिट लागतील. नेटफ्लिक्स फोर-के बघण्यासाठी १५ एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला दीड कोटी बिटांचं, इंटरनेट असावं असं सांगतं. म्हणजे मूळ चित्राच्या साधारण तीनशेव्या हिश्श्यात सगळा कारभार उरकायचा. हे जमतं, आणि बऱ्याचदा सुरेख जमतं, कारण चित्र चेपणारं सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र नव्याने पाठवतच नाही. मागच्या चित्रातलं काय हललं, काय बदललं, तेवढंच पाठवतं. बातम्या देणारी निवेदिका असेल तर काम सोपं. मागची भिंत स्थिर, टेबल स्थिर, हलतात ते ओठ आणि डोळे.

आता तोच टीव्ही, आणि पडद्यावर जेजुरी. सोमवतीला भंडारा उधळला जातोय. हवेत हळदीचे लक्षावधी कण, प्रत्येक जण आपापल्या वाटेने उडतोय, खाली हजारो हात वर झालेले, मागे दीपमाळा धुरकट झालेल्या. इथे मागच्या चित्रातलं काहीच कामाला येत नाही, सगळंच बदललेलं. बिटांची रोजची शिधापत्रिका मात्र तेवढीच. मग सॉफ्टवेअर काय करतं? बारकावे सोडून देतं. कण दिसायचे बंद होतात, पिवळे चौकोन दिसायला लागतात. पडद्यावर ठिपके ८३ लाखच आहेत बरं का, एकही कमी झालेला नाही. पाऊस, धबधबा, गुलाल, वारीचा ड्रोनमधून घेतलेला शॉट, आणि क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावला की मैदानावरचं गवत, सगळीकडे हीच गत. गवत क्षणभर हिरवा रंग फासल्यासारखं होतं आणि कॅमेरा थांबला की पुन्हा उगवतं. एकदा लक्षात आलं की मग ते दिसतच राहतं, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

ब्लू-रे डिस्क २००६ साली बाजारात आली. तिच्यावर फुल एचडी चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा आहे. नवी कोडेक, म्हणजे चित्र-आवाज चेपणारी सॉफ्टवेअर, तेच काम जवळपास निम्म्या जागेत करतात हे मान्य, त्यामुळे सरळ तुलना करू नये. तरीही धुक्यातला किंवा अंधारातला एखादा प्रसंग चांगल्या फुल एचडी डिस्कवर आणि मग ओटीटीच्या फोर-केवर लागोपाठ बघा. अनेकदा जुनी डिस्क जिंकते. आपल्याकडे डिस्कची दुकानं बंद झाली आणि हे दाखवण्याची सोयही गेली.

बरं, माल चांगला आला असं धरू. टीव्ही त्याचं काय करतो? दुकानात पन्नास टीव्ही एका ओळीत लावलेले असतात, वर पांढरेफटक दिवे. तिथे उठून दिसायचं म्हणून प्रत्येक टीव्ही ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असतो. पांढऱ्या रंगात निळसर झाक, कारण निळसर पांढरं डोळ्यांना जास्त उजळ वाटतं. टोमॅटो असा लाल की भाजीवालासुद्धा ओळखणार नाही. सिनेमा बनवणारे लोक ज्या पडद्यावर रंग ठरवतात, तिथला पांढरा ६५०० केल्विनचा असतो. तुमच्या टीव्हीत त्याच्या जवळ जाणारा मोड असतो, ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ नावाचा, आणि कलर टेंपरेचरमध्ये ‘वॉर्म’. तो लावला की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, “अहो, पिवळं दिसतंय सगळं!” ट्यूबलाइटखाली वाढलेले डोळे आपले, त्यांचा दोष नाही. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग परत ‘व्हिविड’ लावून बघा, माणसं आजारी दिसतील.

दुसरा उपद्व्याप म्हणजे मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनीचं नाव निराळं, सोनी मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन. सिनेमाची चित्रं २४, पडदा सेकंदाला साठ किंवा एकशेवीस वेळा ताजा होणारा. मग टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं अंदाजाने स्वतःच रंगवतो. परिणाम असा की लाखो रुपये भाड्याच्या कॅमेऱ्यावर घेतलेला सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो, आणि हात जोरात फिरला की बोटांभोवती पाणी हलल्यासारखं होतं. हॉलिवूडवाले यावर इतके वैतागले की डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली, घरी जाऊन हे बंद करा. पुढच्या वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला, एका बटणात ही सगळी कारागिरी बंद करणारा. क्रिकेटसाठी स्मूदिंग ठेवायचं तर ठेवा, त्यात माझी हरकत नाही. सिनेमाला नको.

याच अंदाजाने रंगवण्याचं मोठं भावंड म्हणजे जुने मराठी सिनेमे ‘एआय फोर-के’ करून यूट्यूबवर चढवणं. मला याचा मनापासून राग आहे. मूळ असते व्हीएचएस किंवा व्हीसीडीवरून घेतलेली धूसर प्रत. सॉफ्टवेअरला त्यात चेहरा ओळखू येतो, पण चेहऱ्यावर काय होतं ते माहीत नसतं, म्हणून ते भरतं. सुरकुत्या पुसल्या जातात, गाल मेणाचे होतात, मागे बसलेल्या गर्दीतल्या माणसांना भलतेच डोळे फुटतात, आणि नऊवारीचे काठ दर सेकंदाला नक्षी बदलतात. खाली लोक लिहितात, ‘काय क्लॅरिटी आहे!’ खरं जीर्णोद्धाराचं काम वेगळं असतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत ते होतं. मूळ निगेटिव्ह किंवा मिळेल ती सर्वांत चांगली फिल्म प्रिंट साफ करायची, स्कॅन करायची, एकेका चित्रावरचे ओरखडे काढायचे. ३५ मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये साधारण फोर-केएवढा तपशील मुळातच असतो, तो शोधायचा असतो, कल्पनेने भरायचा नसतो. फिल्मचे दाणे दिसतात तेही ठेवायचे, ते त्या काळच्या रसायनाचे आहेत.

आता आवाज. तुम्ही मला मीडियम वेव्हवर ऐकत असाल, तर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. एफएमवर पंधरा हजारांपर्यंत पोचतं. साध्या जुन्या फोनवर तर ३४०० हर्ट्झवर खेळ संपायचा. तरीही माझा शब्द न् शब्द कळतोय ना? आणि घरी साठ हजारांच्या टीव्हीवर ओटीटीची मालिका लावली की आजोबा विचारतात, “काय म्हणाला रे तो?” आपण सबटायटल लावून मराठी मालिका बघतो, अशी वेळ आली आहे.

कारण साधं आहे. इथे स्टुडिओत मायक्रोफोन माझ्या तोंडापासून वीतभर लांब आहे आणि भिंतींवर आवाज शोषणारे पॅनेल आहेत. तिकडे टीव्ही पातळ करण्याच्या नादात स्पीकर बोटाएवढे झाले, तेही खाली तोंड करून, टेबलाशी बोलणारे. त्यात संवाद हे ५.१ मिश्रणात, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजात, बहुतांश मधल्या चॅनेलमध्ये असतात, आणि तुमच्या टीव्हीला मधला स्पीकरच नाही. तो सहा चॅनेल दोनात कोंबतो, त्यात पार्श्वसंगीत पुढे आणि माणूस मागे. पैसे खर्च न करता करण्यासारखं एक आहे. ओटीटीच्या ऑडिओ मेनूत ५.१ ऐवजी स्टिरिओ असेल तर तो निवडा. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो चालू करा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच भांडण मिटतं.

ब्लूटूथचं एक गौडबंगाल मात्र सांगतोच, कारण ते मला सर्वांत जास्त विचारलं जातं. “काका, नवीन महागडे इअरफोन घेतले, गाणं झकास वाजतं, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की सगळं विहिरीतून आल्यासारखं का होतं?” इअरफोन बिघडलेले नसतात. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायचा रस्ता एकतर्फी आहे, स्टिरिओ आणि रुंद. ज्या क्षणी इअरफोनचा माइक चालू होतो, त्या क्षणी जोडणी फोनकॉलच्या रस्त्याला वळते. तिथे दोन्ही दिशांना आवाज न्यायचा, म्हणून स्टिरिओ जातो आणि आवाजाचे सेकंदाला फार तर ८ किंवा १६ हजार नमुने, म्हणजे मोजमापं, उरतात. सीडीवर ते ४४,१०० असतात. उपाय म्हणजे मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, इअरफोन फक्त ऐकायला ठेवा. आवाज लगेच उघडतो.

आणि ज्यांना १९२ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांचं, ‘हाय-रेझ’ संगीत दरमहा जास्त पैसे भरून घ्यायचा मोह होतो, त्यांना एवढंच. सीडीचे ४४,१०० नमुने साधारण २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण धरतात. माणसाचा कान तरुणपणी २० हजारांपर्यंत ऐकतो, चाळिशीनंतर त्यातलंही बरंच जातं. वर ते संगीत ब्लूटूथवरून ऐकायचं, जिथे नेहमीच्या एसबीसी कोडेकमध्ये सेकंदाला ३२८ किलोबिटच्या आसपास मामला थांबतो. त्या पैशांत चांगले वायरवाले हेडफोन येतात. भीमसेनजींचा षड्ज ऐकायला तेच घ्या.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा पेन ड्राइव्हवर आपल्या ओळखीचा एखादा व्हिडिओ घेऊन जा, शक्यतो गर्दीचा, अंधाराचा, पावसाचा. दुकानातला डेमो मुळी बघूच नका, त्यात फक्त पोपट आणि फळं असतात. सेल्समनला म्हणा, मोड बदलून ‘सिनेमा’वर टाका, स्मूदिंग बंद करा, आणि मग हा व्हिडिओ लावा. आवाज वाढवून कुणीतरी बोलतंय ते ऐका. अर्धे सेल्समन म्हणतील, “साहेब, रिमोट मॅनेजरसाहेबांकडे आहे.” पुढच्या दुकानात जा.

नमस्कार.