साचलेल्या पाण्यातले शिकारी

सोलापूर जिल्ह्यात शेततळे खणले जाते ते डाळिंबासाठी, द्राक्षासाठी, उसासाठी. त्या पाण्यात मासे सोडण्याचा विचार बहुधा मागाहून येतो, आणि तेव्हा कटला, रोहू, मृगळ ही ठरलेली तीन नावे पुढे होतात. हे मासे तळ्यात चांगले वाढतात. परंतु अंडी घालण्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, त्यामुळे त्यांचे बीज पुन्हा पुन्हा विकत आणावे लागते. एकदा सोडल्यावर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बळावर टिकतील असे शिकारी मासे हवे असतील, तर निवड साचलेल्या पाण्यात प्रजनन करणाऱ्या जातींतूनच करावी लागते.

भीमेकाठच्या माणसाला शिकारी मासा म्हटले की शिवडा आठवतो. तो तळ्यासाठी नाही. त्याची लांबी मीटरभराच्या पुढे जाऊ शकते, समोर येईल तो मासा तो गिळतो आणि विणीसाठी पुराच्या पाण्याची वाट पाहतो. छोट्या तळ्यात तो इतरांना संपवतो आणि स्वतःही वंश न वाढवता संपतो.

मरळ मात्र तळ्याचीच आहे. आता हा काठ जवळून पाहावा. गुडघाभर पाण्यात गवत वाढले आहे आणि त्या गवतात परातीएवढी एक गोल जागा मोकळी केलेली आहे. मरळीच्या जोडीने साफ केलेले हे घरटे आहे. त्यात पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात आणि साधारण एक-दोन दिवसांत फुटतात. पुढे काही आठवडे तांबूस-केशरी पिल्लांचा दाट पुंजका पृष्ठभागाशी उकळी फुटल्यासारखा हलत राहतो आणि त्याच्या खाली, काळ्या सावलीसारखे, आई-बाप पहारा देत असतात. या दिवसांत तिथे गळ टाकणे म्हणजे सगळी वीण उघड्यावर टाकणे होय. पालक मासा उचलला गेला की पिल्ले बेडकांच्या आणि इतर माशांच्या तोंडी जातात.

सोलापूरच्या उन्हाळ्याला मरळ तोंड देऊ शकते, याचे कारण तिच्या श्वसनात आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीमुळे ती हवेतून थेट श्वास घेते, म्हणून मे महिन्यात पाणी तापून त्यातला प्राणवायू घटला तरी ती तग धरते. याच गुणामुळे पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत ती तळ्याबाहेरही जाते. काठाभोवती हातभर उंचीची जाळी लावणे त्यासाठी आवश्यक ठरते.

मरळीच्या जोडीला चालट शोभतो. हा चपट्या अंगाचा मासाही साचलेल्या पाण्यात वितो. बुडालेल्या दगडांवर आणि लाकडांवर अंडी चिकटवतो आणि त्यांची राखण करतो. मरळ गवताच्या आडोशाने दबा धरते, तर चालट प्रामुख्याने अंधार पडल्यावर कीटक, झिंगे आणि लहान मासे टिपत फिरतो. जागा आणि वेळ वेगवेगळी असल्याने दोघांचा झगडा कमी होतो. तो अजिबात होत नाही असे नव्हे; लहान चालट मोठ्या मरळीच्या तोंडी जातोच. म्हणून दोन्ही जातींचे मासे सारख्या आकाराचे सोडावेत. मरळीच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण मोठे पिल्लू लहान भावंडालाही खाते.

खरा हिशोब भक्ष्याचा आहे. ढोबळमानाने 10 किलो भक्ष्यातून शिकाऱ्याचे 1 किलो वजन वाढते. तळ्यात वर्षभरात 100 किलो लहान मासे तयार होत असतील, तर शिकारी माशांची वाढ 10 किलोंच्या आसपासच थांबते; त्यापुढे सोडलेला प्रत्येक मासा एकमेकांना खाण्यास भाग पाडतो. त्यामुळे आधी बोटाएवढे, तळ्यातच विणारे देशी मासे आणि गोड्या पाण्यातली झिंगे सोडून त्यांना एक पूर्ण पावसाळा मोकळा द्यावा, आणि शिकारी मासे पुढच्या वर्षी, मोजकेच आणावेत. आमच्या मते घाई झालेली बहुतेक तळी इथेच बिघडतात.

भक्ष्य म्हणून चिलापी सोडण्याचा मोह होतो, कारण ती भराभर वाढते. उजनीच्या पाण्यात हा परदेशी मासा किती पसरला आहे, हे तिथल्या कोळी बांधवांच्या जाळ्यांत दिसतेच. आफ्रिकन मांगूर तर देशात पाळण्यासच बंदी आहे. तळे सांडले की त्यातले मासे ओढ्याला आणि ओढ्यावाटे सीना, माण, भीमेला मिळतात. म्हणून सांडव्यावर बारीक जाळी असावी आणि आत देशी मासाच असावा.

प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात ही व्यवस्था सहसा जमत नाही. तिथे उतार निसरडा असतो, गवत नसते, घरट्याला जागा नसते. काळ्या मातीचे तळे असेल, तर एका कडेला उथळ पायरी राखून तिथले गवत काढू नये आणि मधला भाग इतका खोल ठेवावा की मेअखेर तिथे पुरुषभर पाणी उरेल. पावसाचा जोर इथे पुष्कळदा भाद्रपदात येतो, तोवर तळ्यातल्या मरळी, चालट आणि लहान मासे त्या एका डोहावरच दिवस काढतात. उपशाचा पाइप त्या पातळीच्या खाली कधीही सोडू नये.