गिफ्ट कार्डाचा पैसा

नमस्कार श्रोतेहो. केस कापणं, मालिश, गाण्याची शिकवणी, फोटो काढून देणं, सायकल दुरुस्ती असा हाताच्या कसबावर चालणारा छोटा व्यवसाय तुमचा असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. आपल्या सेवेचं डिजिटल गिफ्ट कार्ड विकायला काढावं का, आणि काढलं तर ते कसं सांभाळावं, याबद्दल.

दुकानं पूर्वी भेट म्हणून कागदी कुपनं विकायची. १९९४ च्या सुमाराला अमेरिकेत प्लास्टिकची कार्डं आली. व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टरने ती दुकानात उघड मांडून विकली आणि मग ती सगळीकडे पसरली. आता प्लास्टिकचीही गरज उरली नाही. ईमेलने किंवा मेसेजने पोचणारा एक कोड पुरतो. छपाई नाही, साठा नाही, त्यामुळे एकट्या माणसाच्या व्यवसायालाही हे परवडू लागलंय. शिवाय एका विक्रीत दोन माणसं जोडली जातात. कार्ड घेणारा बहुतेक वेळा तुमचं जुनं गिऱ्हाईक असतो, आणि ज्याला ते मिळतं तो नवा. त्याला जाहिरात वाचून यावं लागत नाही, त्याच्याच माणसाने त्याला तुमच्याकडे पाठवलेलं असतं.

म्हणून कार्ड जरूर काढा, असंच मी म्हणेन. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवून. कार्ड विकलं त्या दिवशी तुमची कमाई झालेली नसते. ही उधारीच आहे, फक्त उलट्या बाजूची. एरवी गिऱ्हाईक तुमचं देणं लागतं, इथे तुम्ही गिऱ्हाइकाचं देणं लागता. हिशेबाचे नियमही हेच सांगतात. आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कार्डाचा पैसा आधी देण्याच्या बाजूला लिहितात, आणि सेवा दिली की मगच तो उत्पन्नात येतो. छोट्या व्यवसायात हा पैसा भाड्याला आणि सामानाला सहज खर्च होऊन जातो. मग कार्डवाले येऊ लागतात, दिवसभर काम होतं आणि गल्ल्यात संध्याकाळी काहीच पडत नाही. त्यासाठी कार्डाच्या रकमेचा निदान मोठा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवा. काम झालं की तेवढाच तिकडून काढा.

आणि सेवा म्हणजे तुमचा वेळ. दुकानदार माल आणून ठेवू शकतो, तुम्हाला तास साठवता येत नाहीत. कार्डं विकली जातात सणासुदीला, आणि ती घेऊन माणसं येतात त्यानंतरच्या काही आठवड्यांत, एकदमच. एका आठवड्यात आपण किती कामं उरकू शकतो याचा अंदाज घेऊन मगच किती कार्डं विकायची ते ठरवा. ‘आधी वेळ ठरवून यावे’ ही ओळ कार्डावर ठळक हवी. कार्ड ठरावीक सेवेचं असावं की रकमेचं? माझं मत रकमेच्या बाजूने आहे. सेवेचं कार्ड दिलंत आणि मधल्या काळात दर वाढवलेत, तर फरक तुम्हालाच सोसावा लागतो. रकमेच्या कार्डात तो प्रश्न येत नाही, आणि घेणाऱ्यालाही हवं ते निवडता येतं.

मुदत घालण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघून घ्या. ऑस्ट्रेलियात बहुतेक कार्डांना किमान तीन वर्षांची मुदत द्यावी लागते, अमेरिकेत आणि आयर्लंडमध्ये पाच वर्षांची. न वापरलेल्या कार्डाचा पैसा आयता सुटला म्हणून खूश होणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. न वापरलेलं कार्ड म्हणजे दारापर्यंत येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक. मुदत संपायच्या महिनाभर आधी एक आठवणीचा मेसेज पाठवा.

कोड ओळीने देऊ नका. एकशे एक, एकशे दोन असे दिलेत तर पुढचा कुणीही ओळखेल. तो अंदाज न बांधता येण्यासारखा हवा, आणि त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय ही जोडी टाळा. फोनवर कोड सांगताना नेमका तिथेच घोळ होतो. नोंदीला एक साधा तक्ता पुरतो: कोड, कुणी घेतलं, कुणासाठी, किती रकमेचं, किती वापरलं, किती शिल्लक. शंभराचं कार्ड, सत्तरचं काम, तीस शिल्लक, हे गिऱ्हाईक समोर उभं असतानाच लिहा. रात्री लिहू म्हटलं की राहतं.

फसवणुकीबद्दलही सांगायला हवं. चोरलेल्या बँक कार्डावर गिफ्ट कार्ड घेतात. खरा मालक बँकेकडे तक्रार करतो, बँक पैसे परत खेचते, तोवर तुमची सेवा देऊन झालेली असते. अनोळखी माणसाने एकदम मोठी रक्कम मागितली तर कोड पाठवण्याआधी फोन करून खात्री करा. आणि घेणाऱ्यांनो, साहेब किंवा सरकारी अधिकारी असल्याचं सांगून कुणी गिफ्ट कार्डाचा कोड मागत असेल, तर तो भामटाच. कुठलंही सरकारी खातं अशी वसुली करत नाही.

शेवटचं, कार्ड घेऊन पहिल्यांदा येणाऱ्या माणसाबद्दल. त्याला तुमचे दर ठाऊक नसतात, आणि भेट मिळालेल्या पैशात काय बसतं हे विचारायला तो बिचकतो. तो खुर्चीत बसायच्या आधी तुम्हीच सांगा, तुमच्या कार्डात अमुक इतके आहेत, त्यात हे आणि हे होईल, उरतील ते पुढच्या वेळी वापरता येतील. आणि काम झाल्यावर उरलेली रक्कम त्याच्या फोनवर लिहून पाठवा.